वायफायच्या डब्याचे मागचे दार : राऊटर दुरून चालवणाऱ्या प्रोटोकॉलमधील धोके

आदिलाबाद : पैनगंगेच्या अलीकडे मीसेवा केंद्र, पलीकडे आपले सरकार सेवा केंद्र. दाखला असो की पेन्शन, नेट गेले की दोन्हीकडचे काम ठप्प. हे नेट ज्या डब्यातून येते त्या मोडेमला, म्हणजेच राऊटरला, एक मागचे दारही असते. ते उघडे आहे की बंद, हे बहुतेकांनी कधी पाहिलेलेच नसते.

दार कशासाठी?
प्रत्येक गिऱ्हाइकाकडे माणूस पाठवणे कंपनीला परवडत नाही. सेटिंग बदलणे, बिघाड पाहणे, नवे सॉफ्टवेअर टाकणे ही कामे दुरूनच होतात. त्यासाठी ठरलेल्या नियमांना मॅनेजमेंट प्रोटोकॉल म्हणतात.

कोणते प्रोटोकॉल, कुठे कच्चे?
- टेलनेट : सर्वात जुना. पासवर्डसकट सगळा मजकूर पोस्टकार्डासारखा उघडा जातो. त्याऐवजी एसएसएच वापरतात.
- एसएनएमपी : 1988 पासून वापरात. व्ही1 आणि व्ही2सी या आवृत्त्यांत पासवर्डचे काम करणारा शब्द उघडाच जातो. शिवाय अनेक यंत्रांत तो 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' असा कारखान्यातलाच राहतो. 'प्रायव्हेट' हाती लागला तर सेटिंगही बदलता येते. व्ही3 मध्ये ओळख तपासण्याची आणि मजकूर कुलूपबंद करण्याची सोय आहे.
- टीआर-069 : 2004 साली आला. ब्रॉडबँड कंपन्या वापरतात. त्याचे 7547 हे पोर्ट साऱ्या जगाला उघडे राहिले की धोका.
- स्मार्ट इन्स्टॉल : सिस्कोच्या स्विचसाठी. यात पासवर्ड विचारलाच जात नाही. एप्रिल 2018 मध्ये यातूनच इराण व रशियातील स्विचवर हल्ले झाले.

घडले काय?
नोव्हेंबर 2016 मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे 9 लाख ग्राहकांचे राऊटर अडखळले. हल्ला 7547 पोर्टवरूनच आला होता.

आपल्या देशातही असे झाले. जुलै 2017 मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलचे हजारो मोडेम बंद पडले. बातम्यांत 60 हजारांचा आकडा आला. अनेक मोडेमचा पासवर्ड 'अ‍ॅडमिन' हाच होता. तो बदला, असे बीएसएनएलने ग्राहकांना सांगितले. 'ब्रिकरबॉट' या मालवेअरच्या निर्मात्याने हल्ल्याची जबाबदारी घेतली. पैसे चोरणे हा त्याचा उद्योग नव्हता. यंत्र निकामी करणे हाच होता.

काय करावे?
1. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि मोडेमचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा. पहिला बदलला म्हणून दुसरा बदलत नाही. दोन्ही बदला.
2. सेटिंगमधील 'रिमोट मॅनेजमेंट' आणि टेलनेट बंद ठेवा.
3. टीआर-069 परस्पर बंद करू नका, कंपनीची सेवा अडू शकते. ते फक्त कंपनीच्याच सर्व्हरपुरते उघडे आहे ना, हे विचारून घ्या.
4. सेवा केंद्र, शाळा, पतसंस्था यांनी नेटवर्क बसवणाऱ्याकडून एसएनएमपी व्ही3 करून घ्यावे. गरज नसेल तर एसएनएमपी बंदच करावे.
5. कंपनी अपडेट देत नसलेला जुना मोडेम बदलून घ्या.

तक्रार कुठे?
एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्या व सरकारी संस्थांनी ठरावीक सायबर घटना 6 तासांत सर्ट-इनला कळवायच्या असतात. खात्यातून पैसे गेले तर लगेच 1930 वर फोन करावा. हा नंबर तेलंगणात आणि महाराष्ट्रात एकच आहे.