दयारा बुग्याल

उत्तराखंड राज्याच्या उत्तरकाशी जिल्ह्यातील उंच पर्वतीय कुरण. क्षेत्रफळ सुमारे 28 चौ. किमी. आणि उंची साधारण 3,000 ते 3,600 मी. झाडे उगवायची थांबतात तिथून कायमच्या बर्फापर्यंतच्या गवताळ उतारांना गढवाळात ‘बुग्याल’ म्हणतात.

गंगोत्रीच्या रस्त्यावरील भटवाडीहून बारसू आणि रैथल या गावांपर्यंत मोटार जाते. पुढची पायवाट दोन्हीकडून 7 ते 9 किमी., चढ हजार मीटरांहून अधिक. पहाटे निघाल्यास संध्याकाळी गावात परतता येते. दोराची गरज पडेल असे काही वाटेत नाही. मात्र सह्याद्रीत मुरलेल्या माणसालाही इथली विरळ हवा पावले मोजायला लावते. सुरुवातीचा बराच चढ बांज, खरसू (दोन्ही ओकच्या जाती) आणि बुरांशच्या सावलीतून आहे. वसंतात बुरांश तांबडा फुलतो. बारसूच्या वाटेवर बरनाला नावाचे लहान तळे लागते. मग रान संपते आणि समोर नुसते गवत, त्यामागे बंदरपूंछ (6,316 मी.) व श्रीकंठ (6,133 मी.) ही शिखरे. हिवाळ्यात हेच उतार बर्फाखाली जातात, तेव्हा इथे स्कीइंग चालते.

दयारा रानटी दिसत असले तरी ते गावांचे चराऊ रान आहे. उन्हाळ्यात रैथल व आसपासचे लोक गुरे घेऊन वर येतात आणि ‘छानी’ नावाच्या झोपड्यांत राहतात. भाद्रपद संक्रांतीला, म्हणजे ऑगस्टच्या मध्यास, इथे अंढूडी उत्सव होतो. वाढलेल्या दूधदुभत्याबद्दल निसर्गदेवतेचे आभार मानून लोक एकमेकांना लोणी फासतात, ताकाने भिजवतात. आपल्या दहीकाल्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

बुग्यालाची माती पातळ असते. गवताचे आवरण एकदा फाटले की पावसाचे पाणी त्या फटीत शिरून घळी पाडते, आणि थोडक्या उन्हाळ्यात गवताला ती जखम भरून काढता येत नाही. ऑगस्ट 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने राज्यातील बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामास बंदी केली व पर्यटकांची संख्या 200 पर्यंत मर्यादित ठेवण्यास सांगितले. तेव्हापासून तंबू खाली रानातच ठोकावे लागतात. दयाऱ्यात वनखात्याने खचलेल्या उतारांवर नारळाच्या काथ्याच्या जाळ्या अंथरल्या आहेत. कोकणात सुंभ वळायला लागतो तोच हा काथ्या. तो सावकाश कुजतो, आणि तोवर त्यातून उगवलेल्या गवताची मुळे माती धरू लागतात.