माळवा-सातपुड्यातील भिल्ल, गोंड, कोरकू आणि जुनी प्रवासवर्णने

इंदुरातील आपल्या अनेक घरांत पूर्वज येथे कसे आले याची गोष्ट सांगितली जाते. खानदेशातून निघाले, सातपुडा ओलांडला, नर्मदा उतरून माळव्यात आले. या गोष्टीत घाट असतो, नदी असते, वाटमारीची भीती असते. त्या घाटात राहणारी माणसे मात्र क्वचितच येतात. आपल्या कितीतरी आधीपासून येथे राहणाऱ्या या लोकांविषयीच्या सुरुवातीच्या सविस्तर लेखी नोंदी बहुतांशी बाहेरून आलेल्या प्रवाशांच्या आणि अधिकाऱ्यांच्या आहेत. त्यांतील काही महत्त्वाच्या ग्रंथांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

एक शब्द, तीन भाषाकुळे

जुन्या लेखनात ‘जंगली’ किंवा ‘डोंगरी’ असा एकच शब्द सर्वांना लावलेला दिसतो. प्रत्यक्षात हे समाज एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत. झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानी या भागांतील भिल्लांची भिली ही गुजराती-मराठीच्या कुळातली, म्हणजे भारतीय-आर्य भाषा आहे. गोंडांची गोंडी द्रविड कुळातली, तेलुगूची नातलग. खंडवा, बैतूल आणि मेळघाटातील कोरकूंची भाषा मुंडा कुळातली असून तिचे नाते झारखंडकडील संथाली-मुंडारीशी आहे. एकाच सातपुड्यात तीन भाषाकुळे नांदतात, हे लक्षात ठेवून पुढील ग्रंथांकडे पाहावे.

जॉन माल्कम

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. या दोन्ही प्रसंगी इंग्रजांकडून माल्कम पुढे होता. त्यानंतर महूला राहून त्याने माळव्याचा कारभार पाहिला. मध्य हिंदुस्थानावरील त्याचा दोन खंडांचा ग्रंथ १८२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. अहिल्याबाई होळकरांविषयीच्या त्यातील मजकुरामुळे तो आपल्याकडे माहीत आहे; भिल्लांविषयीचा भाग त्यामानाने कमी वाचला जातो.

माल्कमने भिल्लांचे तीन वर्ग केले: गावात राहणारे, शेती करणारे आणि डोंगरात राहणारे ‘रानटी’. पहिल्या वर्गाकडे गावाची राखण असे. वरवर हे साधे वर्णन वाटते. पण नीट पाहिले तर ही विभागणी भाषेवर, कुळावर किंवा देवदेवतांवर केलेली नाही. राज्याला कोण किती उपयोगी आणि कोण ताब्याबाहेर, हाच तिचा आधार आहे. नव्याने मुलूख हाती आलेल्या अधिकाऱ्याची ती नजर आहे.

बिशप हेबर

कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर १८२४-२५ मध्ये कलकत्त्याहून उत्तर हिंदुस्थान, राजपुताना आणि गुजरातमार्गे मुंबईला आले. बांसवाड्याकडून बडोद्याकडे येताना त्यांना भिल्लांचा मुलूख लागला. १८२६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि प्रवासवृत्त १८२८ मध्ये छापून आले. भिल्ल हे या भूमीचे मूळ रहिवासी असून इतरांनी त्यांना डोंगरात लोटले, ही समजूत त्यांनी सहानुभूतीने नोंदवली आहे. मात्र हे पाहणे वाटेवरच्या मुक्कामांपुरते होते आणि सोबत लवाजमा होता. अशा वेळी कोण काय बोलेल, याला मर्यादा असणारच.

हिस्लॉप आणि फॉर्सिथ

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांचे शब्द, चालीरीती आणि गाणी गोळा केली. १८६३ मध्ये नदी ओलांडताना बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. गोंडांचा आद्यपुरुष लिंगो याची दीर्घ कथा त्यात मूळ गोंडीसह आहे. गोंडांची वंशकथा गाणाऱ्या परधानांच्या तोंडून ती आली. म्हणून या संग्रहात गोंडी समाजाचा स्वतःचा आवाज, थोडा का होईना, ऐकू येतो.

कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचे मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक १८७१ चे. पचमढी, नेमाड, सागवान आणि सालाची जंगले, गोंड व कोरकू, तसेच शिकार असे सारे त्यात एकत्र येते. वर्णने जिवंत आहेत. पण जंगल हे सरकारच्या मालकीचे आणि तेथील माणूस हा त्यातला एक अडथळा किंवा मजूर, ही वनखात्याची दृष्टी त्यात ठिकठिकाणी जाणवते.

आपले मराठी लेखन

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने ग्वाल्हेरकडे निघाले आणि महूपाशी येता येता बंडाच्या धामधुमीत सापडले. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. झाशीचा वेढा, यज्ञयाग, राजवाडे आणि रस्त्यावरचे हाल यांसाठी ते अमोल आहे. डोंगरातल्या लोकांच्या जीवनाची ओळख करून देणे हा मात्र त्याचा विषय नव्हता.

मराठी राजवटीचा प्रश्न येथे टाळता येत नाही. घाटवाटांची राखण करणाऱ्या भिल्ल नाइकांना त्याबद्दल हक्क मिळत. उत्तर पेशवाईत खानदेशात लढाया आणि दुष्काळ आले, ही व्यवस्था मोडली आणि लूटमार वाढली. तिच्या बंदोबस्तासाठी भिल्लांवर अतिशय क्रूर कारवाया झाल्याचे इंग्रजी कागदपत्रांत आहे. इंग्रजांना आपली राजवट सौम्य दाखवायची होती, हे खरे. तेवढ्यावरून या नोंदी खोट्या ठरत नाहीत. ‘चोर’ हा शब्द वाचताना, त्याआधी हेच लोक वाटेचे राखणदार होते, हे आपण विसरू नये.

शब्दांचे परिणाम

फॉर्सिथचे पुस्तक निघाले त्याच १८७१ मध्ये काही जमातींना जन्मजात गुन्हेगार मानणारा कायदा झाला. तो १९५२ मध्ये रद्द झाला. प्रवासवर्णनांनी कायदा केला असे कोणी म्हणणार नाही. पण संपूर्ण समाजाला एका विशेषणात बसवण्याची सवय दोन्हीकडे सारखीच आहे. सरकारदप्तरी तंट्या भिल्ल दरोडेखोर होता आणि ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला त्याला फाशी झाली. नेमाडात मात्र तो आजही ‘तंट्या मामा’ आहे आणि महूजवळ पातालपाणीला त्याचे स्थान आहे. सहलीला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल.

ती सवय अजून गेलेली नाही. होळीपूर्वीच्या आठवडी बाजारांत भरणाऱ्या भगोरियाचे वर्णन ‘पळून जाऊन लग्न करण्याचा मेळा’ असे केले जाते. त्याला आदिवासी समाजातूनच आक्षेप घेतला जातो. आपणही मोबाइलवर फोटो काढून तीच ओळ पुढे पाठवतो, तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीच्या प्रवाशाहून फार वेगळे वागत नाही.

म्हणून हे ग्रंथ जरूर वाचावेत, पण तीन प्रश्न जवळ ठेवून: लिहिणारा कोणाच्या चाकरीत होता? तो तेथे किती दिवस राहिला? त्याला कोणाच्या भाषेतून, कोणामार्फत माहिती मिळाली?

आणि एक विनंती. आपल्या घरी जुनी मोडी दप्तरे, जमाखर्च किंवा रोजनिशी असेल तर त्यात राखणदारीचा खर्च, भिल्ल नाइकाला दिलेले पागोटे, वाटाड्याचे नाव अशी एखादी नोंद आहे का, ते पाहावे. आढळल्यास मंडळाला जरूर कळवावे. ज्यांनी आपल्या पूर्वजांना घाट ओलांडून दिला, त्यांची नावे आपल्या गोष्टीत यायला हवीत.