खवल्यांची परीक्षा

आमच्या बेने इस्रायल यहुदी घरांत इतिहास आज्यांच्या तोंडून आला. नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटलं, सगळं बुडालं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, इथून ती गोष्ट सुरू होते. धर्मग्रंथ समुद्राने नेले. ध्यानात राहिली ती शेमाची प्रार्थना, मुलाची आठव्या दिवशीची सुंता आणि शनिवारी काम न करण्याचा नेम. पोटासाठी घाणे घातले, तेल गाळलं, पण शनिवारी घाण्याचे बैल सोडून ठेवले. म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणू लागले. बुडालेल्यांना पुरलं असं सांगतात, ते दोन उंचवटे आजही नवगावच्या दफनभूमीत आहेत. एक बायकांचा, एक पुरुषांचा.

यंदा मे महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीची नात इस्रायलमधल्या दिमोनाहून अलिबागला राहायला आली. लष्करातली सक्तीची सेवा नुकतीच संपवून आलेली. तिला मी आधी नवगावलाच नेलं. उन्हात उभी राहून तिने विचारलं, "आजी, हे खरंच घडलं?"

प्रश्न योग्य होता. गलबताचा कागदोपत्री पुरावा नाही. ते केव्हा आलं, यावर जाणकारांचं एकमत नाही. कुणी दोन हजार वर्षं मागे नेतं, कुणी बरंच अलीकडे आणतं. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1897 साली आमचा इतिहास लिहून काढला, तेव्हा त्यांनाही अशा तोंडी गोष्टींचाच मोठा आधार होता. पण माझ्या मते आमच्या आज्यांची खरी मोलाची गोष्ट गलबताची नाहीच. ती दाविद रहाबीची आहे.

रहाबी म्हणून कोणी विद्वान यहुदी कोकणात आला. या तेल्यांच्या चालीरीती पाहून त्याला शंका आली, हे आपलेच तर नसतील? त्याने विचारपूस केली नाही की वंशावळ मागितली नाही. बाजारातून सगळ्या तऱ्हेचे मासे आणले आणि बायकांपुढे ठेवले, रांधा म्हणाला. बायकांनी खवल्यांचे मासे वेगळे काढले आणि बाकीचे परत केले, हे आम्ही खात नाही म्हणाल्या. यहुदी धर्मात बिनखवल्यांची मासळी वर्ज्य, त्यामुळे रहाबीला तेवढं पुरलं. त्याने तिघांना शिकवून काझी नेमलं. अभ्यासकांना हा रहाबी अठराव्या शतकातला कोचीनचा वाटतो, जुनी माणसं त्याला कितीतरी आधीचा मानतात. आजी हे सांगताना कालव्याचं, खेकड्याचं नाव घेऊन मान हलवायची, जणू ती स्वतः त्या चुलीपाशी होती.

दुसऱ्या दिवशी पोरीला मासळीबाजारात नेलं. आमची कोळीण मला पाहताच कोळंबीची पाटी बाजूला सारते. शिंगाळा, वाम, मुशी हे मी पोरीला नुसते दाखवले. मग बोय तिच्या हातात दिली आणि शेपटीकडून डोक्याकडे अंगठ्याचं नख ओढायला सांगितलं. खवले ताठ उभे राहिले, दोन तिच्या मनगटाला चिकटले. तिने मग रावसावरही नख ओढून पाहिलं, न सांगता.

घरी वाटण पाट्यावर वाटलं. रस्सा चुलीवर असतानाच तिने दिमोनाला फोन लावला. बहिणीने पडद्यातूनच पातेल्यात डोकावून हुकूम सोडला, "बाय, कोकम आत्ता घालू नको, नारळाचा रस फुटेल. अगदी शेवटी घाल." मग रहाबीचा विषय निघाला आणि ती थांबली. म्हणाली, "आमची पण परीक्षा झाली होती. तुला सांगितली नाही कधी."

बहीण 1962 साली लग्न होऊन तिकडे गेली. त्या वर्षांत तिथल्या धर्मपीठाने आमच्या लोकांची लग्नं इतर यहुद्यांशी लावण्याआधी आईकडच्या पिढ्यांची चौकशी लावली होती. कोकणातल्या तेल्यांकडे पिढ्यांचे कागद कुठून असणार? 1964 च्या उन्हाळ्यात आमची माणसं बायकामुलांसकट जेरुसलेमला धरणं धरून बसली. संसदेने हे सर्वार्थाने यहुदीच आहेत असा ठराव केला, तेव्हा उठली. बहीण तान्ह्या मुलाला घेऊन तिथे होती. तिच्या शेजारी बसलेल्या पेणच्या एका म्हातारीने संध्याकाळी मराठीत कीर्तन लावलं होतं म्हणे.

"मला विचारायचे, तुझ्या आजीची आजी कोण? मी सांगायचे, रेवदंड्याची होती, तिच्या घरात कधी कोळंबी शिजली नाही. ते लिहून घेत नसत."

"तिचं नाव काय?" पोरीने विचारलं.

बहिणीने एक नाव सांगितलं. मी म्हटलं, ते आज्याच्या आईचं, आजीच्या आजीचं नव्हे. ती म्हणाली, तू तेव्हा लहान होतीस, तुला काय ठाऊक. मी म्हटलं, मी इथेच राहिले आहे, रेवदंड्याला दर वर्षी जाते. दोघी हट्टाला पेटलो. पोरगी एका हाताने रस्सा ढवळत दोन्ही नावं वहीत उतरवत होती.