निरोगी दिसणारा हॉप्सचा वेल आणि पंधरा वर्षांचा प्रयोग

घरच्या बागेत हॉप्स लावायचे असतील तर सल्ले ठरलेले असतात. भरपूर ऊन द्या, चढायला उंच दोरी बांधा, पाणी साचू देऊ नका. सगळे सल्ले बरोबरच आहेत. पण अमेरिकेतला किंवा जपानमधला जाणकार माणूस आणखी एक गोष्ट हमखास सांगेल: कुणाच्या बागेतून तुकडा आणून लावू नका, तपासलेलंच रोप घ्या. समोरचा वेल अगदी हिरवागार असला तरी! असं का, याचं उत्तर शोधायला अर्धशतकाहून जास्त काळ लागला. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी, कारण यात प्रश्न कसा विचारायचा हे फार छान दिसतं.

आधी वेलाची ओळख

हॉप्स म्हणजे भांगेच्या कुळातला एक वेल. त्याच्या मादी फुलोऱ्याचे शंकू बिअरला कडवटपणा आणि वास देतात. उन्हाळ्यात लांब दिवस मिळतात अशा थंड प्रदेशांत तो चांगला येतो. आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौलमध्ये त्याची थोडीफार लागवड झाली आहे.

नर आणि मादी वेल वेगळे असतात. बी पेरलं तर नर निघेल की मादी, हे सांगता येत नाही, शिवाय जातीचे गुणही बदलतात. म्हणून शेतकरी जमिनीखालच्या खोडाचा तुकडा काढून लावतात. म्हणजे एका जातीचे सगळे वेल मुळात एकाच झाडाचे तुकडे. आता विचार करा, त्या मूळ झाडात एखादा रोग लपलेला असेल तर? तोही प्रत्येक तुकड्याबरोबर पुढच्या बागेत जाणार.

जपानमधले खुरटे वेल

1940 आणि 50 च्या दशकांत जपानमध्ये नागानो आणि फुकुशिमा भागातल्या हॉप्सच्या बागांत वेल खुरटू लागले. पेरांमधलं अंतर कमी, वरची पानं वळलेली, शंकू लहान. शंकूंमधली कडू आम्लंही बरीच घटलेली, म्हणजे माल हाती आला तरी त्याची किंमत पडलेली. रोगट वेलाचा रस निरोगी वेलाला लागला की रोग पसरतो, हे कळलं होतं. त्यामुळे संशय विषाणूवर होता.

इथे दुसऱ्या पिकातलं संशोधन मदतीला आलं. 1971 मध्ये अमेरिकेत थिओडोर डायनर यांनी बटाट्याच्या एका रोगाचं कारण म्हणून प्रथिनाचं आवरण नसलेला, नुसता आरएनएचा छोटासा रेणू दाखवला. त्याला त्यांनी नाव दिलं व्हायरॉइड. 1977 मध्ये सासाकी आणि शिकाता या जपानी संशोधकांनी हॉप्सच्या खुरटेपणामागेही असाच रेणू असल्याचं दाखवलं. 1983 मध्ये त्याचा पूर्ण क्रम वाचला गेला: फक्त 297 न्यूक्लिओटाइड. तंबाखूच्या मोझॅक विषाणूत साधारण 6,400 असतात, त्यावरून अंदाज करा. हा रेणू एकही प्रथिन बनवत नाही, तरी वेलाला खुरटवतो.

काकडी कशाला?

सासाकी-शिकातांच्या कामातली एक गोष्ट पाठ्यपुस्तकात पटकन नजरेआड होते. हॉप्समध्ये लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही वर्षं जाऊ शकतात. म्हणजे एका प्रयोगाचं उत्तर मिळायला अख्खी पीएचडी! त्यांनी हाच रोग काकडीच्या रोपांवर आणला. उबदार वातावरणात काकडी काही आठवड्यांतच खुरटते. प्रश्न तोच राहिला, पण उत्तर मिळण्याचा वेळ बदलला. तुमचा विषय निवडताना मार्गदर्शक ‘सिस्टिम कोणती वापरणार?’ असं विचारतात ना, त्यामागे हाच मुद्दा असतो.

निरोगी झाडांना विचारलं

रोगाचं कारण सापडलं, पण तो हॉप्समध्ये आला कुठून? खुरटे वेल कितीही तपासले तरी याचं उत्तर मिळणार नव्हतं. 1984 मध्ये शिकाता, सानो आणि सहकाऱ्यांनी द्राक्षवेलींचा अर्क काकडीवर लावून पाहिला आणि काकडी खुरटली. द्राक्षवेली मात्र ठणठणीत होत्या. व्हायरॉइड त्यांच्यात मुक्कामाला होता, पण लक्षणं काहीच नाहीत. पुढे क्रमांची तुलना केल्यावर हॉप्समधला आणि द्राक्षातला रेणू जवळचे नातेवाईक निघाले.

मग झालं ना सिद्ध? नाही. नातं दिसलं म्हणजे दिशा कळतेच असं नाही. द्राक्षातून हॉप्समध्ये आला, हॉप्समधून द्राक्षात गेला, की दोघांतही तिसरीकडून आला? तिन्ही शक्यता त्या साम्यात बसतात.

हिरोसाकी विद्यापीठातल्या तेरुओ सानो यांच्या गटाने यासाठी सरळ पण चिकाटीचा प्रयोग केला. द्राक्ष आणि इतर फळझाडांमधले व्हायरॉइड हॉप्सच्या वेलांना लावले आणि 15 वर्षं ते वेल सांभाळून रेणूत काय बदल होतात ते पाहिलं. 2009 मध्ये निष्कर्ष आले. द्राक्षातून आलेल्या व्हायरॉइडमध्ये मोजक्या जागी बदल होत गेले आणि शेवटी जे रूप तयार झालं, तेच शेतांमधल्या रोगट हॉप्समध्ये सापडत होतं.

अर्थात प्रयोगाने ‘असं होऊ शकतं’ एवढंच दाखवलं. जपानच्या बागांत असंच झालं असावं, हे आपण म्हणतो ते क्रमांची तुलना आणि हा प्रयोग एकत्र ठेवून. एकट्या पुराव्याला जेवढं पेलतं तेवढंच त्याच्यावर लादायचं, ही सवय प्रबंध लिहिताना फार उपयोगी पडते.

पुन्हा बागेत

हा रोग जपानपुरता राहिला नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या व्यावसायिक हॉप्समध्ये तो असल्याचं 2007 मध्येच प्रसिद्ध झालं. लागलेल्या वेलावर कुठलंही औषध नाही, वेल काढूनच टाकावा लागतो. तो मुख्यतः रोगट तुकड्यांतून आणि छाटणीच्या कात्रीवरच्या रसातून पसरतो.

म्हणून घरी हॉप्स लावणाऱ्यासाठी नियम तीन: चाचणी झालेलं रोप घेणं, एका वेलावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री ब्लीचच्या द्रावणात बुडवणं, आणि खुरटलेल्या वेलाचा तुकडा कुणाला भेट न देणं. वेल निरोगी ‘दिसतो’ यावर मात्र विसंबू नका. द्राक्षवेलीही निरोगीच दिसत होत्या.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. तुमच्या विषयात नमुने गोळा करताना तुम्ही फक्त ‘बिघडलेले’ नमुने घेताय का? मग जे ठीक दिसतात म्हणून बाजूला ठेवले, त्यांची यादी एकदा काढून बघा.