पाण्याचे मडके आणि झाडावरची आमरी

श्रोतेहो, उन्हाळ्यात माठाला घाम का येतो, हे शाळेतले पोरही सांगेल. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते, वाऱ्याने उडून जाते आणि जाताना माठातली उष्णता घेऊन जाते. आता काही हौशी बागवान याच ओल्या, थंड अंगावर फूलझाड वाढवतात. पाण्याने भरलेल्या मडक्याला बाहेरून आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे रोप बांधायचे. ना कुंडीत माती, ना वाफा! तुम्ही म्हणाल, मातीवाचून झाड जगेल कसे? हाच प्रश्न शंभर-दोनशे वर्षांपूर्वी विलायतेतल्या बागवानांना पडला होता, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत हजारो झाडे हकनाक मेली.

सीतेची वेणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. पावसाळ्याच्या तोंडाशी जुन्या झाडाच्या फांदीवरून तिचा जांभळट-पांढरा घोस लोंबू लागतो. ही एक आमरीच. कित्येक जण तिला बांडगूळ समजतात, पण तसे नव्हे. बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी झाडाकडे फक्त बसायला जागा मागते. तिच्या मुळांवर पांढुरके, स्पंजासारखे वेष्टन असते. पाऊस आला की ते पाणी पिऊन हिरवट होते, वारा लागला की पुन्हा पांढरे पडते. तिला ओल हवी, तसाच वाराही हवा. मुळे चिखलात कोंडली की ती कुजलीच म्हणून समजा.

विलायतेत हे कुणाला ठाऊक नव्हते. ही झाडे उष्ण देशांतली, तेव्हा ऊब द्यावी तितकी थोडी, असा समज होता. काचघरे बंद, भट्ट्या पेटलेल्या आणि मुळे ओल्या मातीत! १८३० च्या सुमारास जॉन लिंडली या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञानेही भरपूर उष्णता, दाट सावली आणि दमटपणा यांचाच सल्ला दिला. पुष्कळशा आमरी थंड डोंगरांतल्या असतात, हे ध्यानातच आले नाही.

१८३५ साली ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनी जॉन गिब्सन या तरुण माळ्याला हिंदुस्थानात धाडले. तो कलकत्त्याहून खासी टेकड्यांत, चेरापुंजीकडे गेला आणि १८३७ मध्ये शंभरावर जातींच्या आमरी घेऊन परतला. त्या जोसेफ पॅक्स्टन यांच्या हाती आल्या. ड्यूकच्या चॅट्सवर्थ येथील बागेचे हे प्रमुख. त्यांनी काचघरात वारा खेळू दिला, जमिनीवर पाणी शिंपून हवा ओलसर ठेवली आणि ज्या त्या झाडाला त्याच्या मुलखासारखी थंडी-ऊब दिली. झाडे जगू लागली. पुढे १८५१ पासून बी. एस. विल्यम्स यांनी नियतकालिकातून हे ज्ञान सामान्य बागवानांपर्यंत पोचवले.

पण झाडे जगू लागली तशी मागणी वाढली, आणि मग अरण्यांवर संकट आले. अल्बर्ट मिलिकन या संग्राहकाने १८९१ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे, की कोलंबियात दहा हजार रोपांसाठी सुमारे चार हजार झाडे तोडली. बसणारीसाठी घरच पाडले!

१९२२ मध्ये लुईस नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखर घातलेल्या खळीवर, काचेच्या नळीत, आमरीचे बी रुजवण्याची रीत प्रसिद्ध केली. तेव्हापासून रोपासाठी रान लुटण्याची गरज उरली नाही. १९७५ पासून आंतरराष्ट्रीय करारानेही आमरींच्या व्यापारावर निर्बंध आहेत.

आता मडक्याकडे वळू. मडके साधे, भाजलेल्या मातीचे घ्यावे. चकचकीत झिलई दिलेले भांडे पाझरत नाही. रोपाखाली थोडे शेवाळ किंवा काथ्या ठेवून ते दोऱ्याने सैलसर बांधावे. पुढे मुळे स्वतःच मडक्याला धरतात. त्यांना एका अंगाने पाझर आणि दुसऱ्या अंगाने वारा मिळतो. पावसाचे पाणी उत्तम. जड पाण्याने मडक्यावर पांढरे क्षार बसतात आणि छिद्रे बुजतात. तोंडावर झाकण हवेच, नाहीतर डास अंडी घालतील. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: पाने गाळून कोरड्या दिवसांत विसावा घेणाऱ्या आमरींना ही सततची ओल मानवत नाही. बारमाही दमट रानातल्या, बारीक मुळांच्या लहान जातींना ती मानवते.

गुरुजींनी शाळेत हा प्रयोग जरूर करावा. ओल आणि वारा यांचा मेळ मुलांना डोळ्यांनी दिसेल. मात्र रोप रोपवाटिकेतूनच आणावे. रानातली सीतेची वेणी फांदीवरच राहू द्यावी आणि मुलांना तिथे नेऊन दाखवावी.