पोटातला आंधळा कॅमेरा

१८६८ मध्ये जर्मनीत डॉक्टर अडोल्फ कुसमाउल यांनी आत डोकावण्यासाठी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाच्या जठरात सरळसोट नळी उतरवली. नळी गेली, पण उजेड पुरेना. १९३२ मध्ये रुडॉल्फ शिंडलर यांची नळी थोडीफार वाकू लागली, तरी जठराचे काही कोपरे नजरेआडच राहिले.

कलाटणी मिळाली ती टोकियोत, आणि तीही डॉक्टरला आतलं काहीच न दाखवणाऱ्या यंत्रामुळे. जठराच्या कर्करोगाने जपानला तेव्हा ग्रासलं होतं. १९५० मध्ये शल्यचिकित्सक तात्सुरो उजी आणि ऑलिंपस कंपनीचे अभियंते मुत्सुओ सुगिउरा व मासाहारु फुकामी यांनी गॅस्ट्रोकॅमेरा तयार केला. लवचीक नळीच्या टोकाला भिंग, इवलासा दिवा आणि जेमतेम पाच-सहा मिलिमीटर रुंदीची फिल्म. खोलीत अंधार करायचा, दिवा लागला की पोटाच्या कातडीतून उजेड कुठे झिरपतो ते पाहायचं आणि त्यावरून कॅमेऱ्याचा ठावठिकाणा ताडायचा. काय टिपलं गेलं ते फिल्म धुतल्यावरच कळे.

पण फोटो हाती राहत असे. शस्त्रक्रियेत काढलेलं जठर आणि आधीचा फोटो शेजारी ठेवून डॉक्टर ताडून पाहू लागले. हलकासा खळगा, फिकट डाग, मध्येच तुटलेली घडी: यातलं कर्करोगाचं काय, हे डोळ्यांना उमगत गेलं. १९६२ मध्ये जपानच्या एंडोस्कोपी संघटनेने व्याख्याच ठरवली. गाठ आतल्या अस्तरापुरती किंवा फार तर त्याखालच्या थरापर्यंत असेल, स्नायूत शिरलेली नसेल, तर तो प्रारंभिक कर्करोग. माझ्या मते या वंशावळीतली सर्वात मोठी घटना हीच. यंत्रं त्यामानाने दुय्यम.

अमेरिकेत १९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची दुर्बीण आणली आणि डॉक्टरला थेट दिसू लागलं. पुढे इंडिगो कार्माइनचा निळा फवारा आला. हा रंग पेशींत मुरत नाही, नुसता खाचाखोचांत साचतो आणि उंचसखलपणा उठून दिसतो. या शतकात निवडक निळ्या-हिरव्या प्रकाशाची एनबीआय पद्धत आली. हिमोग्लोबिन तो प्रकाश शोषतं, त्यामुळे अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या गडद होतात. भिंगाखाली त्यांची वेडीवाकडी जाळी एका स्पष्ट सीमेशी थांबलेली दिसली, की डॉक्टर सावध होतो.

साठवलेल्या फोटोंवर आता संगणकही शिकतो. २०१८ च्या एका जपानी अभ्यासात त्याने २,२९६ चित्रं ४७ सेकंदांत चाळून ७७ पैकी ७१ गाठी पकडल्या. मात्र १६१ ठिकाणी त्याने नसलेला कर्करोगही दाखवला. त्यात जठराची साधी सूज बरीच होती. त्यामुळे संशयित जागेचा तुकडा आजही पॅथॉलॉजिस्टकडेच जातो.