डांबर, वाळू आणि पाणी

नळदुर्गवरून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद महामार्गाने आपल्यापैकी अनेक जण गेले असतील. आजचा विषय अशाच रस्त्यांवर पसरलेला असतो: डांबर. शास्त्रीय नाव बिटुमेन. आपल्याकडे ते कच्चं तेल शुद्ध करताना तळाशी उरतं. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात मात्र ते चक्क वाळूत मुरलेलं आहे. अथाबास्का नदीकाठचे क्री लोक त्याने होड्यांच्या फटी बुजवत.

वाळूत डांबर जेमतेम दहा-बारा टक्के. ते सोडवायचं कसं? 1920 साली कार्ल क्लार्क हे संशोधक अल्बर्टा विद्यापीठात आले. त्यांना तेलापेक्षा रस्त्यांची काळजी जास्त होती. पावसात तिथले मातीचे रस्ते चिखल होऊन जात. त्यांनी ही वाळू गरम पाण्यात घुसळली, त्यात थोडा कॉस्टिक सोडा टाकला. डांबर कणांपासून सुटलं, हवेच्या बुडबुड्यांना चिकटलं आणि फेस होऊन वर आलं. वाळू खाली बसली. 1929 मध्ये पेटंट मिळालं.

प्रयोगशाळेतून कारखान्यापर्यंत जायला मात्र जवळपास चाळीस वर्षं लागली. पहिला मोठा प्रकल्प सप्टेंबर 1967 मध्ये सुरू झाला. क्लार्क त्याआधीच, डिसेंबर 1966 मध्ये वारले होते.

पुढे सुधारणा झाल्या. सुरुवातीला पाणी 80 अंशांच्या आसपास तापवावं लागे. 1990च्या दशकात वाळू-पाण्याचा रबडा नळातून वाहून नेऊ लागले. वाटेतच डांबर सुटायला लागतं, म्हणून पाणी 50 अंश किंवा त्याहून कमी तापवलं तरी भागतं. इंधन वाचलं. तरीही एका पिंपासाठी साधारण दोन टन वाळू उपसावी लागते.

आता खरी गोम. वाळू खाली बसते, पण चिकणमातीचे बारीक कण बसत नाहीत. ते पाण्यात वर्षानुवर्षं, दशकंसुद्धा, तरंगत राहतात. म्हणून हे गढूळ, विषारी पाणी प्रचंड बांधांमागे साठवून ठेवतात.

आपल्या नळदुर्गच्या किल्ल्यातही बांध आहे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात बोरी नदीवर बांधलेला, पोटात पाणीमहाल असलेला. पावसाळ्यात त्यावरून पाणी कोसळतं तेव्हा बघायला गर्दी होते. अल्बर्टातल्या बांधातून पाणी बाहेर पडलं, तर मात्र खालच्या लोकांच्या पोटात गोळा येतो. 2022 मध्ये कर्ल खाणीतल्या अशा साठ्यातून पाणी झिरपत असल्याचं आढळलं. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या आदिवासी समाजांना त्याचं गांभीर्य कळायला 2023 उजाडलं. मासेमारी, शिकार, पिण्याचं पाणी, सगळं त्याच खोऱ्यातलं. त्यांचा राग समजण्यासारखा होता.

मला यातून एवढंच दिसतं: शंभर वर्षांत डांबर वाळूपासून वेगळं करण्यात माणूस तरबेज झाला. पाण्यापासून माती वेगळी करणं अजून नीट जमलेलं नाही. धाराशिवसारख्या दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला यातलं अवघड काम कोणतं, ते वेगळं सांगायला नको.

भेटू पुढच्या भागात.